दुपारच्या सावलीची रेघ

मंगळवार, मे महिन्याची अखेर
(नेमकी तारीख बघायला आत जावं लागेल आणि पाय चिखलाचे आहेत)

दादा,

नमस्कार. मी बरी आहे, घर जागेवर आहे, न्हाणीघराचा गळका नळ तू सांगितलास तसा दुरुस्त करून घेतला. तुझ्या निरोपांना उत्तर दिलं नाही, कारण काय लिहायचं ते ठाऊक होतं आणि वाचून तू कसा भडकशील तेही. रोज म्हणायचे, उद्या लिहू. आज बसलेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्राला मधेच तोडता येत नाही.

तर ऐक. तुझं लॉन मेलं.

आपोआप नाही, मी मारलं. नळाला पाणी सकाळी जेमतेम येतं. त्यात एक तर लॉन हिरवं राहील, नाहीतर आईची झाडं. आईला तुझ्याकडे नेताना तू म्हणाला होतास, "भिंगरे, घर विकत घ्यायला येणाऱ्याला मोकळं, हिरवंगार अंगण दिसलं पाहिजे. झाडांना पाणी घालायचं नाही. वाळली की तोडायला सोपी." मी "बरं" म्हटलं. माझं "बरं" तू खरं मानलंस, यात माझा काय दोष? लहानपणापासून ओळखतोस की मला.

सुरुवातीला मात्र मी झाडांचंही वाटोळंच करत होते. सकाळ-संध्याकाळ लिंबोणीच्या बुंध्याशी बादल्या ओतायचे. पानं पिवळी पडली, तर आणखी ओतायचे. शेजारचे बसवाले काका (निवृत्त झालेत, पण अजून हॉर्न दिल्यासारखे खोकतात) कुंपणावरून म्हणाले, "अगं, तहान लागलेल्याच्या पायावर पाणी ओततं का कुणी?"

"मग कुठे ओतू?"

"ते मला काय माहीत? मी बस चालवायचो."

मग आईला फोन केला, तो तू उचललास. म्हणालास, "ती झोपलीय. आणि झाडांचं तिच्यापाशी काढू नकोस. झाडं कधीच वाळली, असं सांगितलंय मी तिला. आता कुठे घर विकायच्या कागदावर सही करायला तयार होतेय." एवढं सहज म्हणालास, जणू दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांगितलंय.

फोन ठेवला आणि तशीच रणरणत्या उन्हात अंगणात जाऊन उभी राहिले. रागाने. उभी राहिले म्हणूनच आठवलं. उन्हाळा लागला की आई मला भर दुपारी झाडाखाली न्यायची, सावली संपते तिथे. मी सावलीच्या कडेकडेने टाच घासत गोल फिरायचे आणि मागून ती त्याच रेघेवर कुदळीने आळं खणायची. म्हणायची, "झाडाचं तोंड बुंध्याशी नसतं गं, सावलीच्या कडेला असतं. झाड वाढलं की आळं बाहेर सरकवायचं." तू आत पंख्याखाली अभ्यास करायचास, म्हणून तुला हे ठाऊक नाही. शाळेत काय शिकले ते माझ्या डोक्यात राहिलं नाही, पण टाचेत ती रेघ राहिली.

खणलं मग. लिंबोणी, अंजीर, दोन्ही पेरू, डाळिंब. हाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. आता एका दिवशी एकाच झाडाची पाळी, पण पोटभर. वर पालापाचोळा. तुझं वाळलेलं लॉन खरवडून त्यातच घातलं, वाया काही गेलं नाही. खोडांची साल उन्हाने तडकू नये म्हणून चुना लावला. काका म्हणाले, "झाडांना पायजमे शिवलेस होय!"

चुना आणायला गेले, तेव्हा दुकानाशी एक ट्रकवाली भेटली. मागे खाणीच्या रस्त्यावर मला लिफ्ट दिली होती, तीच. शिट्टी अशी घालते की कुत्री उठून उभी राहतात. म्हणाली, "चल, समुद्रापर्यंत जातेय." दादा, खोटं कशाला सांगू, एक पाय वर टाकलासुद्धा होता. पण त्या दिवशी अंजिराची पाळी होती.

तू म्हणतोस, भिंगरी चार दिवस कुठे टिकत नाही. ये आणि बघ. लिंबोणीला नवी पालवी आलीय. तू पाठवलेला करवतवाला आला होता. म्हणाला, "साहेब म्हणाले, झाडं वाळलीत." मी म्हटलं, "वाळलेलं दाखवा आणि कापा." फिरून फिरून दमला, अंजिराच्या सावलीत पाणी प्यायला आणि गेला.

आता राहिलेली गोष्ट. दोन ओळींची आहे, म्हणून एवढा वळसा घेतला. मागच्या आठवड्यात तुझ्याकडे आईच्या नावाने एक खोका आला असेल. त्यात चिठ्ठी नव्हती. नुसती लिंबं होती, देठापानांसकट. आपल्या लिंबांना टोकाशी वाकडी चोच असते, बाजारातल्या लिंबांना नसते. तू म्हणाला असशील, भिंगरीला भेटसुद्धा धड सुचत नाही. आई काय म्हणाली, कोण जाणे. तिचा फोन आला नाही. मला वाटलं होतं, निदान... जाऊ दे. तिने सही केली तरी मी हलणार नाही. फाटकात आडवी पडेन.

थांब, फाटक वाजतंय. करवतवाला परत आला असेल तर आज त्याला पाणीसुद्धा नाही.

दादा, करवतवाला नाही. आई आलीय.

एकटी. बस बदलत बदलत, कापडी पिशवी घेऊन. मी विचारलं, "दादाला सांगून आलीस?" तर म्हणाली, "त्याने झाडांचं मला खरं सांगितलं होतं का?" अजून घरात आलेली नाही. चपला फाटकाशी काढून लिंबोणीपाशी गुडघ्यावर बसलीय, मातीत बोट खुपसून. आत्ताच ओरडली, "अगं, तुझं आळं वीतभर आत आलंय! झाड वाढलंय, दिसत नाही का तुला?"

कुदळ मागतेय. तेव्हा तिला शोधत फिरू नकोस आणि सहीचा कागद पाठवू नकोस. यायचंच असेल तर भर दुपारी ये. सावलीच्या कडेने टाच घासायला एक माणूस लागतं.

जागेवरच असलेली,
भिंगरी