सहा मार्चचा मानकरी

११ फेब्रुवारी २०१७, शनिवार

आजपासून रोजनिशी. माणूस मोठा झाला की लोक मागाहून तारखा विचारतात, तेव्हा त्या हाताशी असाव्यात.

रेडिओवरचा माझा ‘आजचा दिवस’ गावात गाजतोय. सकाळी पावणेसातला, मयतीच्या घोषणा संपल्या की लगेच, तीन मिनिटं. या तारखेला जगात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. केंद्राची मॅनेजर ग्लॅडिस म्हणते की मयती ऐकायला सगळा गाव रेडिओपाशी बसलेलाच असतो, उठेउठेपर्यंत तुमचं संपतं. बाईला कार्यक्रमातलं कळत नाही. लोक बसतात ते माझ्या खास आयटमसाठी. परदेशी थोरांच्या जन्माचा वार काढून मी त्यांना आपली, जन्मवारावरून पडणारी नावं देतो. शुक्रवारचा असेल तर कोफी, शनिवारचा असेल तर क्वामे. आज विजेच्या दिव्याचा तो अमेरिकन होता. ११ फेब्रुवारी १८४७, गुरुवार. म्हणजे याव. माझा नावभाऊ, असं मी ऑन एअर म्हणालो. छान वाटलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

एकाच दिवशी, एकाच साली अमेरिकेचा एक अध्यक्ष आणि माकडापासून माणूस सांगणारा इंग्रज. दोघेही रविवारचे, दोघेही क्वासी. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी हात मिळवला, पण इंग्रजाबद्दल बोलणं टाळलं.

प्रार्थनेनंतर उत्सव समितीची घोषणा झाली. यंदा सहा मार्चला घानाच्या स्वातंत्र्याला साठ वर्षं होतायत. जो बरोबर त्याच दिवशी जन्मला, सहा मार्च १९५७, तो चीफच्या उजव्या हाताला बसेल आणि चीफ स्वतः त्याच्या खांद्यावर केंटेचं वस्त्र घालतील.

माझा जन्म सहा मार्च १९५७. सगळ्या गावात असा मी एकटाच. त्याच दिवशी शाळेतून रिटायर होतोय. योग म्हणतात तो हा.

संकल्प: तोवर नम्र राहायचं. विषय दिवसातून एकदाच काढायचा.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

चारदा काढला. लोकच विचारतात. (बेकरीत कोणी विचारलं नव्हतं, पण रांग मोठी होती.)

संध्याकाळी आफुआताईकडे. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. दर वर्षी वाढदिवसाला एतो करून आणते. कुस्करलेला याम कंद, पाम तेल, वर उकडलेली अंडी. करते झकास, पण आणते सात तारखेला. दर वर्षी एक दिवस उशीर. आई गेल्यापासून त्रेचाळीस वर्षं हेच चाललंय. आज स्पष्ट सांगितलं की ताई, यंदा साठी आहे, यंदा तरी तारीख पाळ. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, बरं बाबा, तू मास्तर, तुला जास्त कळतं. शिक्षण नसलं की कॅलेंडर अंगवळणी पडत नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

गावाला वेड लागलंय. बाजारातल्या बायका तारखा घेऊन फोन करतात. एकीने विचारलं, माझा नवरा मला पहिल्यांदा भेटला ती तारीख सांगते, कुठला वार होता, म्हणजे त्या वारी पुन्हा घराबाहेर पडायला नको.

मी किती जणांना पुरणार. म्हणून आज वार काढायची रीतच शिकवली. कागद-पेन्सिल घ्या म्हटलं. सालातले शेवटचे दोन आकडे, त्यांचा चौथा हिस्सा, महिन्याचा आकडा, तारीख, बेरीज, साताने भागा. दोनदा समजावलं. छत्तीस वर्षांच्या सर्व्हिसमधला सर्वांत यशस्वी पाठ.

२० फेब्रुवारी, सोमवार

क्वाकू न्यार्कोचा फोन. हा आमच्या शेजारचा पंक्चरवाला. दिवसभर रेडिओ लावून टायर ठोकतो. वर्गात माझ्याच बाकावर होता, पाचवीनंतर शाळा सोडली. म्हणाला, मास्तर, रीत जमली मला. आता एक सांगा, सहा मार्च सत्तावन्न कुठल्या वारी येतो? मी म्हणालो वेळ संपली. एक मिनिट चाळीस सेकंद शिल्लक होते, ग्लॅडिसने गाणं लावलं.

उत्तर माहीत नव्हतं असं नाही. काढलंच नव्हतं. स्वतःचा वार काय काढायचा, तो नावातच असतो.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

समितीला अर्ज दिला. त्यांनी जन्माचा पुरावा मागितला. शाळेचा दाखला जोडला, त्यावर स्पष्ट सहा मार्च आहे. अक्षर माझंच. सतरा वर्षांचा होतो, परीक्षेचा फॉर्म भरताना आईला तारीख विचारली. ती म्हणाली, स्वातंत्र्य मिळालं ना, तेव्हा. स्वातंत्र्य सहाला मिळालं. मी सहा लिहिलं. यात चुकायला जागाच कुठे आहे.

२७ फेब्रुवारी, सोमवार

वर्गात शिरलो तर फळ्यावर आख्खं गणित मांडलेलं. ६-३-१९५७, खाली बेरीज, खाली भागाकार, आणि दोन रेघांच्या मध्ये: बुधवार. गणित बिनचूक होतं, त्याबद्दल शाबासकी दिली. कम्फर्ट नावाची मुलगी उभी राहिली. सर, बुधवारचा तर क्वाकू असतो. मग तुम्ही याव कसे?

लीप इयर, असं म्हणालो, आणि फळा पुसायला सांगितलं.

घरी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा बुधवार. रीत जरा जुनी आहे. मोठ्या आकड्यांना दगा देत असावी.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

आक्राहून जुनं कॅलेंडर मागवलं होतं. त्यातही बुधवार. छापखान्यांवर भरवसा राहिला नाही.

दुसरी शक्यता: मला आजोबांचं नाव ठेवलं असेल. आजोबा याव होते. पटण्यासारखं आहे. (आजोबा क्वाबेना होते. पण पणजोबा असू शकतील.)

२ मार्च, गुरुवार

ताईकडे गेलो. साक्ष देशील का म्हणून. तिने मला बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं सांगितलं. बुधवारी गाव नाचून नाचून थकला. गुरुवारी दुपारपर्यंत कोणी उठलं नाही, ढोल गप्प, कोंबडेसुद्धा गप्प. म्हणून तर मला आईचं कण्हणं मागच्या अंगणापर्यंत ऐकू आलं, म्हणाली. सुईण शेजारून आली. आदल्या दिवशी न्यार्कोबाईंचं बाळंतपण केलं होतं, नाचणाऱ्यांच्या गर्दीत. थकलेली होती बिचारी, आपल्याकडे बसल्या बसल्या डुलक्या घेत होती.

म्हणजे क्वाकू सहाचा, आणि मी सातचा.

मी विचारलं, हे इतकी वर्षं का बोलली नाहीस? म्हणाली, तू विचारलंस कधी? तू फक्त सांगतोस.

नऊ वर्षांच्या मुलीच्या आठवणीवर इतिहास लिहिता येत नाही. ताईकडून परत निघालो. क्वाकू दुकानात टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्याने हात केला. त्याला स्वतःचा वाढदिवस माहीत नाही, कधी साजरा केला नाही. त्याला सांगणं हे माझं काम नाही. समितीने शोधावं.

रात्री जेवण गेलं नाही. हवा असेल.

५ मार्च, रविवार

चर्चबाहेर सगळ्यांनी आगाऊ शुभेच्छा दिल्या. हॅपी बर्थडे, याव, असं म्हणतात, आणि ‘याव’वर थोडं थांबतात. आधी कोणी थांबत नव्हतं.

अजून वेळ होता. समितीच्या सेक्रेटरीच्या दारापर्यंत गेलो, खरं सांगावं म्हणून. आतून जेवणाचा वास येत होता. जेवणाच्या वेळी माणसाला त्रास देऊ नये. परत आलो. भाषण पाठ आहे. नवा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टांगलाय.

६ मार्च, सोमवार

सकाळी पावणेसात. इटलीचा मोठा शिल्पकार, सोमवारचा, म्हणजे कोजो. अंतराळात गेलेली पहिली बाई, शनिवारची, म्हणजे आमा. मोटारगाडीचा जर्मन जनक याच तारखेला गेला. शेवटी म्हणालो: आणि आपल्याच गावचे एक शिक्षक. वार सांगितला नाही. ग्लॅडिसने काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं आणि गाणं लावलं.

दहा वाजता मैदान भरलं. मंडपात चीफ, शेजारी रिकामी खुर्ची. चीफचे प्रवक्ते सोन्याची मूठ असलेली काठी घेऊन पुढे आले आणि म्हणाले, स्वातंत्र्याच्या दिवशी जन्मलेल्याने उभं राहावं आणि आपलं नाव सांगावं.

मी उभा राहिलो. माइक हातात. म्हणालो, याव ओपारे.

मैदान म्हणालं, गुरुवार.

एका सुरात म्हणालं, वर्गात पाढे म्हणतात तसं. त्यातल्या अर्ध्यांना पाढे मीच शिकवलेत. कोणी हसलं नाही, तेवढं हसले असते तर बरं झालं असतं. प्रवक्त्यांनी चीफकडे पाहिलं. चीफनी माझ्याकडे पाहिलं. मग मला विचारलं, अगदी हळू, मास्तर, मग बुधवारचं कोण?

पाठ केलेलं भाषण आठवेना. तोंडातून निघालं, क्वाकू न्यार्को.

तो मैदानामागे चीफच्याच गाडीचं चाक काढून बसला होता. तसाच आणला, हात काळेकुट्ट. केंटेला डाग पडेल म्हणून दोन्ही हात वर धरून उभा होता. चीफनी वस्त्र घातलं. बायकांनी रुमाल उडवले. मी मागच्या रांगेत बसलो. नंतर क्वाकू माझ्यापाशी आला आणि म्हणाला, याव, मला माहीतच नव्हतं रे. तुला ठाऊक होतं? मी म्हणालो, नुकतंच कळलं. गुरुवारपासून ठाऊक होतं.

सगळ्या गावाने वार अचूक काढला. अध्यापन यशस्वी.

७ मार्च, मंगळवार

सकाळी शाळेत गेलो. हिशेबाने माझी सर्व्हिस आज संपते, अपूर्णांकाचा एक पाठ राहिला होता. हेडमास्तरांनी दाखला काढून दाखवला. अक्षर माझंच. सर, तुम्ही कालच रिटायर झालात. माझ्या खुर्चीत नवा मास्तर बसला होता. चांगला मुलगा आहे. उठायला लागला, मी बस म्हटलं.

१८७६ साली सात मार्चलाच टेलिफोनचं पेटंट मिळालं. माझा फोन सकाळपासून वाजलेला नाही.

चारला दार वाजलं. आफुआताई. हातात झाकलेलं भांडं, वर फडकं, एतो, दोन अंडी. दर वर्षी याच वेळेला येते. दुपारीच जन्मलास ना तू, म्हणाली. दर वर्षी मी दारातच कॅलेंडर दाखवून तिला ऐकवायचो आणि ती बरं बाबा म्हणायची. त्रेचाळीस वर्षं. आज काहीच बोललो नाही, तर तिनेच विचारलं, बरं नाही का तुला?

मी म्हणालो, ताई, बैस. वेळेवर आलीस.

एक अंडं तिला दिलं.