दहा किलो

टाकाळा, कोल्हापूर
शुक्रवार, दुपार

प्रिय संयू,

फोन सोडून ही बया पत्र काय लिहायला बसली, असं तुला वाटेल. या आठवड्यात तीनदा तुला फोन लावला. दोनदा तुझ्या सुनेनं उचलला. तिसऱ्यांदा तू उचललास आणि मी जयसिंगपुरात ऊन किती आहे एवढं विचारून ठेवून दिला. कागदावर तरी तू मला मध्येच थांबवणार नाहीस. तू आता कमरेला पट्टा बांधून गल्लीच्या टोकापर्यंत चालतेस, असं तुझा राजवीर म्हणाला. ऐकून बरं वाटलं आणि लगेच उठून स्वयंपाकघरात गेले. हल्ली असंच होतं, एका जागी पाच मिनिटं बसवत नाही.

मी जिम सोडली हे तुला माहीत आहे. विचारेल त्याला मी सांगत सुटले होते की घरीच बरं पडतं, राजारामपुरीत गाडी लावायला जागा नाही, मोबाइलवर बघून सगळं करता येतं. मॅट आणली, दोन-दोन किलोचे डंबेल्स आणले. सोफा भिंतीला सरकवून हॉलमध्ये सुरू करायचे, की दूध आठवायचं, बेल वाजायची, नाहीतर जयपाल पेपराआडून म्हणायचे, "पद्मा, जरा सरक की, टीव्ही दिसंना झालाय." पंधरापर्यंत मोजायचे आणि पुढचा आकडा विसरायचे. घरी व्यायाम होत नाही असं नाही गं, लोक करतात. पण मी व्यायामासाठी घरी थांबलेच नव्हते. मला तिथल्या आरशांसमोर उभं राहायचं नव्हतं.

आपण दोघी पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेसवर नवे कोरे बूट घालून गेलो होतो, आठवतं? डॉक्टरांनी तुझी साखर सांगितली आणि तू माझं मनगट धरून मला बरोबर ओढलंस. सगळ्या पोरी आपल्याला काकू म्हणायच्या आणि गालात हसायच्या. दोन महिन्यांत त्याच पोरी तुझे आकडे मोजायला उभ्या राहायला लागल्या. त्या कुरुंदवाडच्या ट्रेनर पोरीनं, निशिगंधानं, तुला हळूहळू शिकवलं. पाठ सरळ, नजर समोर, घाई नाही. तू चाळीस किलो उचललेस तेव्हा सगळ्या बॅचनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी पंचवीसच्या पुढं कधी गेले नाही.

आता त्या दिवसाचं. तू आल्या आल्या म्हणालीस, "आज कंबर धरलीया, नुसता रॉड उचलतो." निशिगंधानं तुझ्यासमोर रिकामा रॉड ठेवला, दोनदा बजावलं की याच्यापुढं जायचं नाही, आणि ती पलीकडं एका नव्या बाईला सायकलवर बसवायला गेली. तू पाणी प्यायला वळलीस. संयू, तेवढ्यात त्या रॉडला पाच-पाच किलोच्या दोन प्लेटा मी लावल्या.

तू उगाच कुरकुरतेस असं वाटलं मला. उचललंस की हसत हसत सांगू, असं ठरवलं होतं. पण एवढंच नव्हतं मनात. तुला एकदा तरी जड जावं, असंही वाटलं होतं. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा नीट बोलले नव्हते. तू वळून प्लेटा बघितल्यास, तुला वाटलं निशिगंधानंच मन बदलून लावल्या. "लावल्यात तर बघू," म्हणालीस आणि वाकलीस. तेव्हाही मला बोलता आलं असतं.

कमरेत चमक भरली तेव्हाचा तुझा तो आवाज अजून कानात आहे. सगळ्या तुझ्याभोवती गोळा झाल्या, माझ्याकडं सगळ्यांची पाठ होती. मी प्लेटा काढल्या आणि जागेवर ठेवल्या. पुढं तू दवाखान्यात सांगितलंस की रॉडला वजन होतं. निशिगंधा म्हणत राहिली, रिकामा होता. मग सगळ्यांनी ठरवलं की वजन तिनंच लावलं आणि अंगाशी आल्यावर तिनंच काढून ठेवलं. जिमच्या मालकांनी, बाळासोंनी, मला बाजूला घेऊन विचारलं, "काकी, तुमी तिथंच हुता न्हवं? कुणी लावल्या प्लेटा?" मी म्हणाले, माझं लक्ष नव्हतं. त्याच संध्याकाळी तिला काढून टाकलं.

दोन महिने मी ही अशी घरात येरझाऱ्या घालत होते. जयपालना वाटलं, तू जयसिंगपूरला लेकाकडं गेल्यामुळं मला करमत नाही. कुणाला तरी विचारून त्यांनी घरी येऊन व्यायाम शिकवणारी बाई ठरवली. या सोमवारी दार उघडलं तर समोर निशिगंधा. खांद्याला पिशवी, त्यात रबरी पट्टे. "काकू, तुमचंच घर होय!" म्हणून हसली. तिच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं, असायचं कारणच नव्हतं. मी डंबेल्स हातात घेतले तशी म्हणाली, "किती किलो ते आधी मोठ्यानं म्हणा." मी विचारलं, हे काय नवीन? ती पट्टा गुंडाळत म्हणाली, "आता प्रत्येकीकडून म्हणवून घेते. मला आठवतंय, मी रिकामाच रॉड ठेवला होता. पण एवढे सगळे म्हणाले, आता वाटतं, लावल्या असतील मीच. डोक्यातनं गेलं असेल."

मग मला राहवेना. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती रडेल, भांडेल. तिनं पिशवीची चेन लावली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, काकू? जिथं गप्प बसलात तिथं सांगा." फाटक उघडंच टाकून गेली.

दोन दिवस गेले माझे धीर गोळा करण्यात. काल पाचच्या बॅचला गेले आणि सगळ्यांसमोर बाळासोंना सांगितलं. एका पोरीनं चालता ट्रेडमिल बंद केला. बाळासो खुर्चीत बसले. "काकी, तुमच्या शब्दावर काढली हो मी तिला," एवढंच म्हणाले. माझ्यासमोरच त्यांनी निशिगंधाला फोन लावला, परत ये म्हणाले. ती म्हणाली, राजवीरदादांनी नेटवर माझं नाव घालून 'हिनं आईची कंबर मोडली' असं लिहिलंय, ते आधी जाऊ दे, मग बघू. ते वाचून शाहूपुरीतल्या दोन घरांनी तिला नको म्हणून कळवलंय.

म्हणून हे पत्र. आत्ताच कुरिअरनं पाठवतेय, उद्या पोचेल. राजवीरला मी थेट फोन केला असता, पण मग तुला हे त्याच्या तोंडून कळलं असतं, आणि तेवढी लबाडी आता माझ्याच्यानं होणार नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं येतेय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी बाहेर थोडा वेळ थांबेन आणि परत जाईन. माफीचं पुढं बघू, वेळ लागेल तेवढा लागू दे, नाही दिलीस तरी मी कुठल्या तोंडानं मागू? पण त्या पोरीचं नाव मात्र माझी वाट न बघता आजच काढायला लाव. आणि राजवीरला म्हणावं, कुणाचं तरी नाव लिहायचंच असेल तर माझं लिही, आडनावासकट.

हे वाचून झाल्यावरही चालणार असेल तर,
तुझीच
पद्मा