जास्त साखरेचा कप

सर, माझा चहा तुम्ही चुकून उचललात, त्या संध्याकाळपासून माझा तुमच्यावर संशय आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो गेला नाही, म्हणून आज लिहायला बसलो. अंबडला तुमच्या ओसरीवर आपण गणितं करत बसलोय. तुमची लेक दोन कप आणून ठेवते. तुम्ही कागदावरून मान न उचलता हाताशी येईल तो कप घेता आणि एका घोटातच थांबता. माझ्या कपात ती साखर जास्त टाकायची. हे तिला माहीत, मला माहीत, आणि त्या घोटानंतर तुम्हाला. कप माझ्याकडं सरकवून तुम्ही म्हणालात, "उद्यापासून शाळेच्या प्रयोगशाळेत बसू. इथं उजेड कमी पडून राह्यला." उजेड तर भरपूर होता, सर.

मंग तुम्ही असं शिकवायला लागलात की पोटच्या पोरासाठीही कुणी इतकं करत नसेल. मुंबईच्या त्या इंजिनियरिंगच्या कॉलेजात अख्ख्या देशातून मोजकी पोरं घेतात, आपल्या तालुक्यातून तोवर कुणी गेलं नव्हतं, पण तुम्ही हट्टाला पेटलेले. उत्तर चुकलं की खडू अंगावर यायचा. "डोकं कुठंय तुझं?" कुठं होतं ते तुम्हाला बराबर ठाऊक होतं. निवडीची तार आली तेव्हा तुम्ही सायकल हाणत आमच्या शेतावर आलात. तुमच्या हातात तार बघून माझा बाप घाबरला. "सर, कोण गेलं?" तुम्ही हसत म्हणालात, "कुणी गेलं न्हाई. आता जाईल, हे तुमचं पोरगं." सगळे हसले. मी तेवढा तुमच्या तोंडाकडं बघत होतो. एवढा आनंद कशाचा?

तुमच्या लेकीचं लग्न झाल्याची बातमी मला दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलात कळली. त्याच आठवड्यात पेटी उचलली, कॉलेज सोडलं आणि अंबडला एसटीतून उतरून थेट तुमच्या दारात आलो. ओसरीसमोर उभा राहून ओरडलो, "शिकवायचं निमित्त होतं तुमचं! तुम्हाला मला इथून घालवायचं होतं!" शेजारपाजारचे बाहेर आले. तुम्ही म्हणालात, "आधी आत ये." काकू राजूरला दर्शनाला गेल्त्या. चहा तुम्हीच केला, आणि न विचारता माझ्या कपात साखर जास्त टाकलीत. पहिल्या घोटालाच माझी खात्री पटली की या माणसाला सगळं कळलेलं होतं. तुम्ही एवढंच विचारलं, "खरं सांग, तुला जायचं नव्हतं का?" मी म्हणालो, "बिलकुल न्हाई." अर्धा कप तसाच ठेवून निघालो. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी तेराव्यालाही आलो नाही.

सध्या जालन्यात बियाण्याच्या कारखान्यात चाळणीच्या मशीनवर असतो. पोरं 'इंजिनियरसाहेब' म्हणून चिडवतात. काल सुपरवायझर म्हणाला, "अरे, राहिलेलं शिक्षण पुरं कर की. मी बोलतो मालकाशी." मी जल्दी विचारलं, "का? माझ्या जागी मेव्हण्याला चिकटवायचंय का?" त्याचा चेहरा एकदम पडला. तसा चेहरा मी आधी एकदाच पाहिला होता, तुमच्या स्वयंपाकघरात, 'बिलकुल न्हाई' म्हणालो तेव्हा.

तुम्ही मला तिच्यापासून तोडायला पाठवलंत की माझ्यात खरंच काही बघून, ते मला अजून उमगलेलं नाही, आणि संशयही सुटत नाही. हा कागद टाकायचा तरी कुठं? तुमच्या घरात आता भाडेकरू राहतात. घडी घालून पेटीत ठेवीन. पण 'तुला जायचं नव्हतं का?' याचं उत्तर मी तुम्हाला खोटं दिलं होतं, सर. मुंबईला निघालो त्या दिवशी जालन्याहून गाडी सुटली, तुम्ही फलाटावर हात हलवत राहिलात. मी खिडकीतून मान बाहेर काढून वारा खात होतो, मुंबईत काय काय शिकायचं याचे मनसुबे रचत होतो. औरंगाबाद येईपर्यंत मला ती एकदाही आठवली नव्हती.