बदलाचे कारण

१ डिसेंबर २०२५, सोमवार

कुंभवली. चाळीस खोल्या करायच्या होत्या, अकराच झाल्या. बाकीचे कारखान्यात पाळीवर. तीन वर्षांपूर्वी ज्या घरी फॉर्म भरला त्याच घरी पुन्हा जायचे, असे हे सर्वेक्षण आहे. तेव्हा कोण शिकत होते, कोण कामाला होते, कोण नुसते घरी होते — आणि आज काय. एका खोलीतला म्हणाला, "चाचा, वो वाला तो सूरत चला गया. उसकी जगह मेरा लिख लो, मैं भी तो आदमी हूँ." तसे चालत नाही म्हटले. हसला. चहा दिला.

फरक पडला असेल तर शेवटी एक रकाना असतो. बदलाचे कारण. वसतिगृह १, शिष्यवृत्ती २, असे करत इतर ९. पंचायत समितीत निवृत्त होईपर्यंत आकड्यांचेच काम केले, त्यामुळे नवीन काही नाही.

पायांना सूज आहे.

२ डिसेंबर

पुन्हा कुंभवली. आयटीआय झालेली तीन मुले. तेव्हा कंत्राटावर हेल्पर, आजही कंत्राटावर हेल्पर. बदल नाही. एकाची बहीण पॅकिंगला लागली आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

पालघरला ऑफिसात. मितेश आमचा सुपरवायझर, माझ्या निम्म्या वयाचा. त्याने मनोरकडचा गठ्ठा पुढे ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, तात्या, हा दुसऱ्या कुणाला देऊ का? मागच्या फेरीचे एकशे चाळीस फॉर्म. प्रगणकाचे नाव — स्नेहल.

दे म्हटले.

पोरीला जाऊन सोळा महिने झाले. लेप्टोचा ताप. पाच दिवसांत.

घरी येऊन गठ्ठा सोडला. तिचा पाचाचा आकडा मागे कललेला. लहानपणी किती गिरवून घेतला होता! कललेलाच राहिला.

५ डिसेंबर

मितेशचा फोन. तिच्या गठ्ठ्यातले आठ फॉर्म संशयित आहेत. एकाच पाड्यातली आठ घरे, तारीख १८ डिसेंबर २०२२. दिवाळी झाली की तो पाडा वीटभट्टीवर जातो, होळीला परत येतो. मग डिसेंबरात फॉर्म भरले कोणाचे? नियमाप्रमाणे बंद घर लिहायला हवे होते. एकदम आठ फॉर्म घरबसल्या भरलेले ठरले तर एकशे चाळीसही तुलनेतून काढतात. हे त्याने हळू आवाजात सांगितले.

१८ तारीख रविवार होता. जुन्या कॅलेंडरवर पाहिले. त्या रविवारी ती कुठे होती ते मला आठवत नाही. घरी असेल. असू शकते.

खोटे लिहिणारी नव्हती असे म्हणून चालणार नाही. तपासले पाहिजे.

७ डिसेंबर, रविवार

मनोरपर्यंत एसटी, पुढे सहा आसनी रिक्षा, मग चालत. आठही घरे बंद, दारांना काट्या लावलेल्या. कोंबड्या राखायला धर्माजी नावाचे एक म्हातारे मागे राहिले आहेत. सगळे दर साली त्याच एका भट्टीवर जातात म्हणाले. वाट हाताने दाखवली. उशीर झाला होता, परत फिरलो.

८ डिसेंबर, सोमवार

भट्टीवर गेलो. धूर, राख, कच्च्या विटांच्या रांगा. आठही घरे तिथेच, पाचटाच्या झोपड्यांत. मी फॉर्म काढला तशी नवसी नावाची बाई पुढे आली. म्हणाली, तुमीबी त्या बायवालेच का?

कोण बाय, विचारले.

"आलती ना बाय. हितंच इटांवर बसली, ढुंगन लाल झालं तिचं. आमच्यात नागलीची भाकर न् सुकट खाल्ली. परत मागली."

बाकीच्यांनीही तेच सांगितले. ती रस्त्यापासून चालत आली होती, दिवसभर होती. घरी सुकट केली की नाक मुरडायची ती!

एकेक फॉर्म वाचून दाखवला. सात बरोबर निघाले. आठवा, क्रमांक ११८, नवसीच्याच घरचा. मुलगी दीपिका, वय बारा, सध्या शिकते — सहावी. हे ऐकून नवसीचा नवरा जिवल्या मान खाली घालून हसायला लागला.

दीपिका तेव्हा शाळेत नव्हतीच. भट्टीवर विटा उलटत होती. चौथीनंतर सोडलेली. स्नेहलसमोरच उलटत होती, आणि तिच्याकडे बघत स्नेहलने 'शिकते' लिहिले. नवसी म्हणाली होती, बाय, ही तं हितं हाय. तर बाय म्हणे —

"लिवलं मी आता. तुमी खोटं पडू देऊ नका."

जिवल्याने कागद म्हणजे सरकार असे धरले. मुलगी शाळेत दिसली नाही तर धरून नेतील अशी त्याची समजूत झाली. त्या साली होळीपर्यंत, रस्त्यावर कोणी पॅन्टवाला दिसला की तो दीपिकाला विटांच्या थप्पीमागे बसवायचा. हे सांगताना त्याचे त्यालाच हसू आवरेना. जूनमध्ये स्नेहल पुन्हा गेली. तोपर्यंत तो इतका भ्यालेला होता की तिच्याबरोबर मुलीला आश्रमशाळेत सोडूनच आला.

पोलीस येत नाहीत हे तिने त्याला सांगितले नव्हते. मीही नाही सांगितले.

१० डिसेंबर, बुधवार

आश्रमशाळा. हजेरीपटावर नाव आहे. वयाप्रमाणे थेट सातवीत घेतली होती, आता नववी. अधीक्षकांनी दीपिकाला बोलावले. उंच झाली असावी, बाही मनगटाच्या वर गेली होती. मी फॉर्मवरचे सगळे प्रश्न विचारले, तिने नीट उत्तरे दिली. पुढे काय शिकणार, तर म्हणाली नर्सिंग, नाय जमलं तर आयटीआय. शेवटी तिने विचारले, "ताई यायची बंद का झाली? मी काय चुकली का?"

तू नाही चुकलीस, म्हटले. ती वारली, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये.

'वारली' हा शब्द मी आजवर कोणासमोर उच्चारला नव्हता. गेली, एवढेच म्हणतो. घंटा झाली तरी मुलगी उभी होती.

तुमी कोण, तिने विचारले. मी सांगितले.

१२ डिसेंबर

मितेशला सगळे सांगितले. खूश झाला. सात बरोबर म्हणजे गठ्ठा तुलनेत राहतो. आठव्याचे म्हणाला, तात्या, तो तसाच जाऊ दे. तेव्हा शिकते, आता शिकते. जुळतंय. कोण बघतंय? दुरुस्ती केली तर चुकीच्या नोंदींच्या यादीत तिचे नाव लागणार, आणि ती यादी अहवालात छापतात.

घरी येऊन बराच वेळ फॉर्म समोर ठेवून बसलो. तो म्हणतो ते खरे आहे, जुळते आहे. पण जुळले की फरक शून्य. त्या मुलीच्या बाबतीत तीन वर्षांत काहीच झाले नाही असे होईल.

१३ डिसेंबर

लिहिण्यासारखे काही नाही. चिकू उतरवायला आले आहेत.

१४ डिसेंबर, रविवार

फॉर्म ११८. मागील फेरी: 'शिकते' खोडले. 'शिकत नव्हती, वीटभट्टी' लिहिले. चुकीची नोंद करणाऱ्याचे नाव: स्नेहल. सध्या: शिकते, नववी. बदलाचे कारण: ९, इतर — प्रगणक.

सही केली. गठ्ठा बांधला. मग वाडीला पाणी लावले.