टेस्ट नावाची शाखा

पाथरी, मंगळवार, संध्याकाळ

पतसंस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरात वालूर शाखेचं नाव काय, तर ‘टेस्ट’! उद्घाटनाला मंत्री येईनात, शाखा रीतसर उघडेना, म्हणून खातेदार तोवर चाचणीसाठी केलेल्या ‘टेस्ट’ शाखेत भरले. मंत्री आले, हार घेऊन गेले. नाव तसंच. काय डोकी म्हणावीत ही!

जुनी खाती नव्या सिस्टीममध्ये न्यायचं काम माझ्याकडं. आज मॅनेजर मला म्हणले, “नव्या सिस्टीममध्ये टेस्टचा कचरा नको. उडवा.”

“साहेब, त्यात अख्खं वालूर हाय.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

“नाव तरी बदलू?”

“चालायलंय ना? मग हात लावू नका.”

टेस्ट म्हणे! मी न विचारता उडवलं असतं तर? लय शहाणे. माझ्या मायचं खातं त्याच कचऱ्यात हाय. उद्घाटनाला मंत्र्याला ओवाळायला तिलाच उभं केलं होतं.