हादरे ७१ टक्के कमी

१६ फेब्रुवारी, रविवार

घडलं ते असं:

१. बाबा सकाळी सव्वानऊला कर्वेनगरहून सायकलवर परत आले.
२. नाश्त्याला बसताना त्यांनी खुर्चीवर ठेवायला उशी मागितली.
३. मी कारण विचारलं. म्हणाले, काही नाही.
४. मी म्हटलं, सायकलची सीट सदतीस वर्षांची झाली.
५. ते म्हणाले, सीट चांगली आहे.
६. मी म्हटलं, मी सस्पेन्शनवाली बनवते.
७. ते म्हणाले, कशाला उगाच.
८. आई म्हणाली, पोहे गार होतायत.

स्पष्ट नकार कोणीही दिला नाही. प्रकल्प सुरू.

१७ फेब्रुवारी, सोमवार. कंपनीच्या बसमध्ये

पार्श्वभूमी लिहून ठेवते. आमची कंपनी स्कूटरचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बनवते. मी डिझाइन विभागात चार वर्षं आहे. माझं काम दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासणं. चार वर्षांत मी एक बोल्ट दोन मिलिमीटर डावीकडे सरकवला. ही तक्रार नाही. माहिती आहे.

बाबा रोज सात-चाळीसला कोथरूडहून सायकलने निघतात आणि कर्वेनगरला कोंडीराम काकांकडे जातात. अंतर ३.१ किमी. तिथे दोघं एकच पेपर वाचतात आणि दोन मतं घेऊन उठतात. काका बाबांच्या ऑफिसातले, रिटायर्ड.

डेडलाइन १४ एप्रिल. त्या दिवशी पहाटे पाचला दोघं पांढरे कपडे घालून सायकलने स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला जातात. ऑफिसातल्या अकरा जणांनी मिळून सुरू केलं होतं. आता दोघंच उरलेत. सदतीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही, कोविडमध्ये पोलिसांनी परत पाठवलं ते धरून.

या वर्षी बाबा माझ्या सीटवर बसून जातील.

निश्चय: या वहीत फक्त तथ्यं. भावनेवरून निष्कर्ष काढायचा नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जुन्या सीटवर आठवडाभर मोजमाप घेतलं. सीटखाली काड्यापेटीएवढी डबी लावली, ती हादरे आणि वेग नोंदवते. सरासरी वेग ताशी १२.४ किमी.

आवृत्ती एक तयार. सीटखालच्या दांड्यात स्प्रिंग. मी बसले. काहीच हललं नाही.

२ मार्च, रविवार

आवृत्ती दोन हलते. आवाजही करते. आईने विचारलं, कोणाचं दार वाजतंय.

५ मार्च, बुधवार

आवृत्ती तीन. बसल्यावर खाली गेली, उठल्यावर वर आली नाही. आई म्हणाली, हिला तरी कळलं, खाली बसल्यावर जरा टेकावं. दुर्लक्ष केलं.

८ मार्च, शनिवार

आवृत्ती चार. चार पट्ट्यांची बिजागरी, मध्ये रबरी ठोकळा. सुंदर आहे. हा शब्द मी सहसा वापरत नाही.

एक बाब. यंत्रणेला जागा लागते. दांडा पूर्ण आत घातला तरी सीट आधीपेक्षा ५८ मिमी वर राहते. ५८ मिमी म्हणजे साधारण तीन बोटं. मी बसून पाहिलं, पाय जमिनीला टेकला. बाबांचं वजन (६१ किलो) मोजलं आहे. रबराचा कडकपणा मोजला आहे. रस्त्यावरचे खड्डे मोजले आहेत. सगळं मोजून झालं.

जुनी सीट आईला भंगारात द्यायला सांगितली. जाड स्प्रिंगा, चामडं काळं पडलेलं. आई बरं म्हणाली.

९ मार्च, रविवार

पहिली फेरी. गॅलरीतून पाहिलं. गेटजवळच्या ओट्यावर उभं राहून बाबा सीटवर चढले. नवीन पद्धत. उत्साह असावा. वळणापर्यंत छान गेले. पुढे झाडामुळे दिसत नाही.

परत आल्यावर अभिप्राय विचारला. म्हणाले, छान आहे. दोन शब्द. बाबांच्या मानाने भरपूर.

११ मार्च, मंगळवार

बाबांचा तळहात खरचटला आहे. पँट गुडघ्यावर फाटली आहे. जिन्यात पाय घसरला म्हणाले.

आमच्या इमारतीत लिफ्ट आहे. बाबा ती वापरतात.

नोंद केली. प्रकल्पाशी संबंध नाही.

१५ मार्च, शनिवार

तक्रार शून्य.

हे कसं कळतं ते लिहिते. बाबा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. घरात कुठलीही तक्रार तोंडी चालत नाही. कागदावर, मुद्द्यांना नंबर घालून, उत्तर कधीपर्यंत हवं ते लिहून फ्रिजवरच्या चुंबकाखाली लावायची. पाचवीत असताना मी डब्यातल्या भेंडीविरुद्ध अर्ज केला होता. चार दिवसांत उत्तर आलं: मागणी अंशतः मान्य, आठवड्यातून एकदा.

गेला आठवडाभर चुंबकाखाली फक्त गॅसचं बिल आहे. गैरसोय असती तर अर्ज आला असता.

बाबा आता सात-चाळीसऐवजी सात-दहाला निघतात. सीट आवडल्याचा आणखी एक पुरावा.

२२ मार्च, शनिवार

दोन आठवड्यांचे आकडे काढले. सीटवरचे हादरे ७१ टक्के कमी.

तीनदा तपासलं. ७१.

सरासरी वेग मात्र ताशी ४.७ किमी दिसतो. अर्थ उघड आहे. बसायला आराम मिळाला की माणसाला घाई राहत नाही. यावर कोणी लिहिलेलं सापडलं नाही. मी लिहीन.

वेग वेगळा असताना हादऱ्यांची तुलना करू नये, असं मी मागच्या वर्षी एका ट्रेनीच्या रिपोर्टवर लाल पेनने लिहिलं होतं. ती केस वेगळी होती.

२५ मार्च, मंगळवार

गेटवरचा वॉचमन संपत सकाळी म्हणाला, मॅडम, साहेबांचं बरं आहे. लोक सकाळी कुत्रं घेऊन चालायला जातात, साहेब सायकल घेऊन जातात. निदान ही कोणावर भुंकत नाही.

संपत विनोदी आहे. अर्थ लागला नाही. बस आली होती.

२८ मार्च, शुक्रवार

आमच्या विभागाचे यज्ञेश्वर सर यांना ग्राफ दाखवला. सरांनी चष्मा काढला, परत घातला. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर मांडा म्हणाले. नव्या डिझाइन गटात एक जागा आहे, असंही बोलले, पण माझ्याकडे न बघता.

चार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. प्रियंवदा म्हणाले. माझं नाव प्रियदर्शनी. दुरुस्त केलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

जेवताना बाबा म्हणाले, चौदा तारखेला या वेळी पीएमटीने जाऊ म्हणतोय. गुडघा कुरकुरतो. कोंडीरामही बसनेच येईल.

मी समजावलं, आवृत्ती चारमुळे गुडघ्यावरचा भार कमी होतो, आकडे आहेत. बाबांनी पोळीचा तुकडा केला आणि त्या तुकड्याचे आणखी दोन केले. आई म्हणाली, सांगून टाकावं ना मग. बाबा म्हणाले, भाजी छान झालीय.

आई कोणाशी बोलत होती ते कळलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळ, बसमध्ये

हजर: तेवीस. वेळ: वीस मिनिटं. अकरा मिनिटं व्यवस्थित गेली.

मग सरांनी बोट ठेवलं. हा वेग ४.७ का? मी आरामाचा सिद्धांत सांगितला. सर म्हणाले, बाई, ४.७ला दोन चाकांवर तोल सांभाळायचा म्हणजे सर्कस आहे. चालवणारा माणूस सीटवर बसला होता का?

मी म्हटलं, ते मोजलेलं नाही.

हे खरं होतं. म्हणून तोंडून निघालं.

कोणीतरी खोकलं. तेजस्विनी, माझ्या शेजारच्या टेबलवरची, खाली वाकून बुटाची लेस बांधू लागली. तिने चपला घातल्या होत्या. सर अगदी हळू म्हणाले, रिकाम्या सीटला हादरे कमी जाणवतात, निष्कर्ष म्हणून चूक नाही. मग म्हणाले, पुढचा विषय घेऊ.

मी बसले. खोलीचं तापमान २४. माझे कान गरम होते.

संपतचं वाक्य आठवलं. अर्थ लागला.

५ एप्रिल, शनिवार

सुट्टी. बाबा सात-दहाला निघाले. मी सात-बाराला. अंतर दोनशे मीटर ठेवलं.

ओट्यावरून चढले. आमच्या गॅलरीकडे बघून हात केला. तिथे मी नव्हते. वळणापर्यंत गेले, तिथल्या भिंतीला धरून उतरले. मग हँडल हातात धरून चालत निघाले.

पूर्ण रस्ता. सिग्नलला थांबायचे तेव्हा सायकल अंगाला टेकवायचे आणि एक हात सीटवर ठेवायचे. वाटेत एक ओळखीचे भेटले, पंक्चर का विचारलं असावं. बाबांनी मान हलवली आणि वाकून त्यांना बिजागरी दाखवली. बोटाने एकेक पट्टी. बराच वेळ.

कोंडीराम काकांच्या गेटपाशी सात-पन्नास. चाळीस मिनिटं. ३.१ किमी. भागाकार केला. ४.७ येतो.

मी झाडाआड, ऐकू येईल इतकी जवळ गेले. काका बाहेर उभेच होते. म्हणाले, आलात का पायलट. बाबा म्हणाले, हळू बोल.

मी रिक्षाने परत आले.

६ एप्रिल, रविवार

बाबा विहारात गेले, चालतच. आईला सरळ विचारलं. तिने गवारीच्या शेंगा मोडता मोडता सरळ सांगितलं.

पहिल्या दोन दिवशी सिग्नलला टाचा वर करून उभं राहून पाहिलं त्यांनी. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, पाय पोचला नाही आणि आडवे झाले. मागे रिक्षा होती, तिने ब्रेक मारला म्हणून बरं. तेव्हापासून बसत नाहीत. मी म्हटलं, मला सांगायचं. आई म्हणाली, ते म्हणाले, पोरीने पहिल्यांदा आपलं काहीतरी केलंय, त्यावर तक्रार रेकॉर्डला नको.

मी म्हटलं, पण मुळात त्रास होता म्हणूनच उशी मागितली ना.

आई म्हणाली, गळू झालं होतं गं. आठ दिवसांत बसलं. मुलीला काय सांगणार ते.

नंतर डबे काढायला माळ्यावर चढले. पिठाच्या जुन्या डब्यामागे पेपरमध्ये बांधलेलं एक पुडकं. वर सुतळी, सुतळीला चिठ्ठी, बाबांचं अक्षर: सायकल सीट, एक नग. चालू स्थितीत. दि. ८/३.

पेपर उकलला. चामड्याला तेल लावलेलं होतं.

परत तसंच बांधलं. गाठ त्यांच्यासारखी आली नाही.

७ एप्रिल, सोमवार

निश्चय: आज बाबांना सांगायचं.

संध्याकाळी ते बातम्या बघत होते. व्यत्यय नको.

८ एप्रिल, मंगळवार

सरांना लेखी कळवलं: आकडे मागे घेत आहे, कारण चाचणीच्या वेळी सीट रिकामी होती. सरांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. ठीक. नाव बरोबर लिहिलं होतं.

बाबांना सांगितलं नाही. थकलेले दिसले. का थकलेले आहेत ते मला माहीत आहे.

९ एप्रिल, बुधवार

पर्यायी योजना: आवृत्ती पाच, उंची ५८ऐवजी ३१ मिमी. चार दिवसांत जमेल. मग सांगायची गरजच पडणार नाही.

एक तास ड्रॉइंग केलं. मग लक्षात आलं, बाबांच्या पायाचं माप अजूनही माझ्याकडे नाही.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी सात-दहा. गॅलरीत उभी राहिले. बाबा ओट्यावरून चढले आणि हात केला. मीही केला.

हे मी महिनाभर करत होते. फरक एवढाच की आज मला माहीत होतं. तरीही केला.

बाबांचा चौदा तारखेसाठी इस्त्री केलेला पांढरा शर्ट कपाटाला लटकतोय. खिशात पीएमटीच्या वेळा लिहिलेला कागद. आईने दाखवला नाही, मीच पाहिला.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सहाला फ्रिजवर लावलेल्या अर्जाची नक्कल:

प्रति,
बाबा

विषय: सायकलची जुनी सीट परत बसवण्याबाबत.

१. नवीन सीटची उंची मी माझ्या पायावरून ठरवली. तुमचा पाय मोजला नाही. चूक माझी आहे.
२. ११ मार्चला तुम्ही जिन्यात पडला नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी तसं लिहिलं नाही.
३. ५ एप्रिलला कर्वेनगरपर्यंत मी तुमच्या मागे होते.
४. माळ्यावरची सीट मी पाहिली आहे. ती चालू स्थितीत आहे.
५. दांड्यावर जुन्या उंचीची खूण अजून दिसते. सीट बसवायला मला वीस मिनिटं लागतील. मापात फरक पडणार नाही.

तरी १४ तारखेला सायकलने जाणार का, आणि कोंडीराम काकांना तसं कळवायचं का, हे रविवार, १३ एप्रिलपर्यंत सांगावे. तोंडी चालेल.

प्रियदर्शनी