कोरॉरला उतरायचं की नाही

४ मार्च, मंगळ.
यांनी आज नवी वही काढली. तीस वर्षं सरकारी बसच्या ऑफिसात वेळापत्रकं आखली. रिटायर झाल्यापासून हात रिकामे. आता पहिल्या पानावर पट्टीने रेघा. लंडन–ग्लासगो. ग्लासगो–फोर्ट विल्यम. फोर्ट विल्यम–मॅलेग, तिथं समुद्र. गाडी कधी सुटणार, कधी पोचणार, मधे किती मिनिटं. जूनमधे तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो म्हणे, खिडकीतून सगळं दिसेल.
प्रसादला फोन केला. आईबाबा इंग्लंड बघायला चालले म्हटलं. पोराने कुठे कुठे जाणार विचारलं. मग म्हणाला, ट्रॅफिकमधे आहे, नंतर बोलतो.

७ मार्च
ग्लासगो आणि फोर्ट विल्यमच्या मधे पेन्सिलने एक नाव घातलंय. कोरॉर. पुढे ‘उतरणे’ आणि प्रश्नचिन्ह.
मला ते नाव पुरतं लिहवत नाही. इथून पुढे को.
को. ला रस्ता नाही, गाव नाही. माळावर नुसता फलाट. आमची मेघी तिथं उतरून डोंगरात चालायला गेली. धुकं आलं. तिसऱ्या दिवशी सापडली. येत्या ऑक्टोबरात दोन वर्षं. सत्तावीस वर्षांची होती, ग्लासगोत शिकत होती. आमचे पासपोर्ट तेव्हा संपलेले. प्रसाद एकटा गेला आणि एवढ्याशा डब्यात तिला घेऊन आला. श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडली.

१६ मार्च, रवि.
प्रसाद बेळ्ळंदूरहून आला, बंगळूरचं दुसरं टोक, यायलाच दोन तास. जेवताना म्हणाला, जायचं तर जा, लंडन बघा, किल्ले बघा, तिथं उतरू नका. हे वहीत बघत राहिले.
“तिथं काही नाही, बाबा. एक बाक आहे आणि वारा.”
“तू बसलास ना त्या बाकावर?”
प्रसाद ताटावरून उठून गॅलरीत गेला. आमटी गार झाली. 

१९ मार्च
आज सांगून टाकलं. मी येईन, पण को. ला उतरणार नाही. गाडीतच बसून राहीन. तुम्ही उतरा, मी पुढे जाते, फोर्ट विल्यमला भेटू. का म्हणून विचारलं. गुडघे, म्हटलं. सरी, ठीक, म्हणाले आणि वहीत दोन रकाने केले, एक त्यांचा, एक माझा. माझ्या रकान्यात लिहिलं, डावीकडची खिडकी, तळी त्या बाजूला.

गुडघे नाहीत. एकदाच लिहिते.
त्या शनिवारी सकाळी फोनवर तिचा आवाज पडलेला. आठवडाभर खोलीतून हलली नव्हती. मी म्हटलं, घरात बसून काय करतेस, जा, डोंगरबिंगर काही बघून ये. मीच म्हटलं. यांना माहीत नाही, प्रसादला नाही. त्या फलाटावर मी कोणत्या पायांनी

२ एप्रिल
व्हिसाचे अर्ज भरायला एजंटबाईंकडे. माझा त्यांनीच भरला. “अक्का, उद्देश टूरिझम. स्वल्प सोपं ठेवूया.” यांनी मात्र स्वतःचा स्वतः भरला, एका बोटाने, पाऊण तास. बाई दोनदा बघायला आल्या. दोन्ही वेळा यांनी हात आडवा धरला. परीक्षेला बसल्यासारखे.

११ एप्रिल
बोटांचे ठसे देऊन आलो. माझे लवकर उमटेनात. भांडी घासून रेघाच गेल्यात. चौथ्यांदा घेतले.
येताना यांनी लोकरीचे मोजे घेतले, चार जोड. बंगळूरच्या एप्रिलात. दुकानदार बघतच राहिला. आज बरे दिसले. जेवले नीट.

६ मे
पासपोर्ट आले. माझ्यावर व्हिसा आहे. यांचा नाकारला.
सोबतचं पत्र प्रसादने वाचून दाखवलं. अर्जात प्रश्न होता, त्या देशात तुमचं कोणी नातलग आहे का? माझ्या अर्जात नाही. यांच्या अर्जात हो. नातं मुलगी. पूर्ण नाव, जन्मतारीख, ग्लासगोतल्या खोलीचा पत्ता. दोन अर्जांचा मेळ बसत नाही, दिलेली माहिती विश्वासार्ह नाही.
प्रसाद चिडला नाही. बाबांच्या शेजारी बसला, असं का लिहिलंत एवढंच विचारलं.
“विचारलं होतं, कोणी आहे का. नाही कसं लिहू?”

७ मे
 मोजे कपाटात वर ठेवले.

९ मे
दुपारी करंट गेला. पंखा थांबला, घर एकदम गप्प. का कोण जाणे, तेव्हाच सांगितलं. शनिवारचा फोन. मी काय म्हटलं ते. शब्द न् शब्द.
“ठाऊक आहे,” म्हणाले.
गाडीत बसल्यावर तिने यांना मेसेज केला होता. फोन काढून दाखवला. ‘आई म्हणाली म्हणून बाहेर पडलेय. खूप दिवसांनी बरं वाटतंय.’
दीड वर्ष जवळ ठेवला. मला का नाही दाखवलात, विचारलं.
“तू पहिलंच वाक्य वाचलं असतंस.”
राग आला. अजून आहे. मेसेज मात्र पुन्हा मागून वाचला, दोनदा.

१४ मे
प्रसाद म्हणतो, सगळं रद्द करा, बाबांचा अर्ज पुढल्या वर्षी पुन्हा टाकू. पुढल्या वर्षी हे बहात्तरचे. मी आयुष्यात एकटी म्हैसूरच्या पलीकडे गेलेली नाही.
सकाळी कॉफी झाल्यावर हे वही घेऊन समोर बसले. नवं पान, एकच रकाना, माझा. लंडन लिहिलेलं, ग्लासगो लिहिलेलं. को. पुढे गाडी पोचण्याची वेळ. त्याच्यापुढे कोरं.
“तिथं दिवसाला थोड्याच गाड्या थांबतात,” म्हणाले. “उतरलीस तर किती वेळ बसशील, सांग. तशी पुढची गाडी लिहितो.”
जाते म्हटलेलं नाही. नाही जात असंही म्हटलेलं नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठले. गॅस बंद करून आले तरी हे तसेच, पेन्सिल त्या कोऱ्या जागेवर टेकवून.